लेखनिक नको होता, वाचक हवा होता

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मला विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे शासकीय प्रमाणपत्र मिळाले. माझ्या बाबतीत ती डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाशी संबंधित अक्षमता आहे. प्रमाणपत्र दाखल करताच कॉलेजने मला परीक्षेसाठी लेखनिक देऊ केला, आणि नेमकी तीच सवलत माझ्या उपयोगाची नव्हती. मला लिहिता येते; अक्षर फार सुबक नसले तरी परीक्षकाला लागण्याजोगे आहे. मला जड जाते ते प्रश्नपत्रिका वाचणे. लेखनिकाऐवजी वाचक मिळावा, एवढी साधी मागणी मान्य व्हायला त्यापुढचे बरेच महिने गेले. सोलापुरात या वाटेने जाणाऱ्या विद्यार्थ्याला कोणत्या टेबलावर काय विचारले जाते, हे आधी सांगणारे सहसा कोणी भेटत नाही, म्हणून हा अनुभव जरा तपशिलाने लिहीत आहे.

आमचे घर शहराच्या पूर्व भागात आहे. नाना, म्हणजे माझे वडील, यंत्रमागावर कामाला आहेत, अम्मा विड्या वळते, घरात सगळे तेलुगू बोलतात आणि शाळा मात्र मराठी माध्यमाची. वर्गातल्या बहुतेकांची हीच स्थिती असल्यामुळे मी वाचताना अडखळले की शिक्षकांकडे कारण तयार असे: घरची भाषा वेगळी, म्हणून मराठी कच्चे. इंग्रजीत अडखळले की मराठी माध्यम, म्हणून इंग्रजी कच्चे. दोन्ही कारणे पटण्यासारखी असल्याने ती कोणी तपासून पाहिली नाहीत. माझी अक्का त्याच घरात तेलुगू बोलतच वाढली, त्याच शाळेत त्याच बाईंच्या हाताखाली शिकली आणि चौथीत असताना नानांना वर्तमानपत्र घडाघडा वाचून दाखवत असे. माझ्या अडखळण्याला भाषाच जबाबदार असती, तर अक्काही अडखळली असती, हा साधा विचार घरात किंवा शाळेत कोणाच्याही मनात आला नाही.

दहावी मी ऐकून काढली. अक्का धडे मोठ्याने वाचायची आणि मी ते लक्षात ठेवायची. 2021 साली करोनामुळे राज्य मंडळाची बारावीची परीक्षा रद्द झाली आणि निकाल मूल्यमापनावर लागला. कॉलेजचे पहिले सत्र मोबाइलवरच्या बहुपर्यायी प्रश्नांत पार पडले. त्यामुळे दीर्घ प्रश्नपत्रिका समोर ठेवून घड्याळाशी झुंजत उत्तरे लिहिण्याची वेळ दहावीनंतर थेट 2022 च्या उन्हाळ्यात आली, आणि त्या परीक्षेत मला एटीकेटी लागली. राहिलेल्या विषयांत अकौंट्स होता, जो माझा सर्वांत आवडता विषय आहे.

अकौंट्सच्या प्रश्नात तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, दिलेली असते. एका बाजूला खात्यांची नावे, समोर नावे आणि जमा रकमांचे रकाने, खाली समायोजनाच्या सूचना. त्या रकान्यांत माझी नजर एका ओळीवर ठरत नाही. ऋणकोंसमोरची रक्कम मी धनकोंची म्हणून उचलते, 48,650 चे 46,850 होतात. ‘घसारा’ हा शब्द इतक्या वेळा पाहिलेला आहे की तो चित्रासारखा ओळखू येतो. पण ‘संशयित बुडीत कर्ज निधी’ अशी शब्दांची रांग आली की शेवटच्या शब्दापर्यंत पोहोचताना पहिला हातून निसटलेला असतो आणि पुन्हा आरंभापासून वाचावे लागते. ध आणि घ, भ आणि म या जोड्या थकल्यावर एकमेकींत मिसळतात. ताळेबंद जुळत नाही, आणि तो का जुळत नाही हे शोधायला पुन्हा तीच तेरीज वाचावी लागते.

आमच्या अकौंट्सच्या मॅडमनी हे ओळखले. वर्गात त्या समायोजने तोंडी विचारत असत आणि त्यांची उत्तरे बहुधा मी देत असे; तरीही चाचणीत माझे गुण काठावर असत. एकदा त्यांनी माझी उत्तरपत्रिका आणि प्रश्नपत्रिका शेजारी शेजारी ठेवून एकेक रक्कम तपासली आणि म्हणाल्या, “अगं, तुझं गणित चुकलेलंच नाही. रकमा दुसऱ्याच उचलल्यास तू. उचललेल्या रकमांवर पुढचं सगळं बरोबर आहे.” त्यानंतर त्यांनी मला प्रश्न मोठ्याने वाचायला सांगितला आणि चार ओळींनंतर थांबवले. पुढच्या आठवड्यात नानांना कॉलेजमध्ये बोलावणे आले. मुलीची तक्रार असणार, असे समजून नाना घाबरून आले होते.

मॅडमनी सांगितले ते आम्ही प्रथमच ऐकत होतो. अपंग व्यक्तींसाठीच्या 1995 च्या कायद्यात सात प्रकार होते आणि अध्ययन अक्षमता त्यांत नव्हती. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ती यादी 21 प्रकारांची केली आणि तीत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. या अधिनियमाच्या सतराव्या कलमात परीक्षेतील वाढीव वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. शाळेत असताना निदान झाले असते तर दहावीलाच सवलती मिळाल्या असत्या, असेही मॅडम म्हणाल्या. त्यावर बोलण्यात अर्थ नव्हता. मला पुढच्या सत्राची काळजी होती.

प्रमाणपत्राचा अर्ज केंद्र शासनाच्या ‘स्वावलंबन’ या संकेतस्थळावर भरावा लागतो. तो भरायला मी आणि अक्का घराजवळच्या ई-सेवा केंद्रात गेलो. तिथल्या दादांनी आधी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले आणि मग विचारले, “अर्ज कुणाचा आहे?” माझाच, म्हटल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न होता, “कुठला अवयव लिहू?” अक्काने यादी खाली सरकवायला सांगितली. अध्ययन अक्षमतेचा पर्याय यादीत होता. त्यांनी तो तोपर्यंत कधी निवडलेला नव्हता. आधार कार्ड, फोटो, पत्त्याचा पुरावा जोडून आणि तपासणीसाठी शासकीय रुग्णालय निवडून अर्ज गेला, नोंदणी क्रमांक मिळाला. या सगळ्यात हाच टप्पा सर्वांत सोपा निघाला.

रुग्णालयात मला बालरोग विभागाच्या रांगेत बसावे लागले. केंद्र शासनाने जानेवारी 2018 मध्ये अक्षमता मोजण्याच्या ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत अध्ययन अक्षमता तपासणाऱ्या मंडळावर बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक किंवा व्यवसायोपचारतज्ज्ञ यांची नेमणूक सांगितली होती, कारण ही अक्षमता लहान वयातच ओळखली जाईल असे गृहीत धरलेले होते. त्यामुळे लस टोचायला आणलेल्या तान्ह्या बाळांच्या आयांमध्ये एकोणीस वर्षांची मी आणि शेजारी माझे नाना, असे आम्ही बसून असायचो. तुमचं बाळ कुठंय, असे एका बाईंनी मला मनापासून विचारलेही. प्रत्येक फेरीला नानांचा खाडा होत होता आणि तो आठवड्याच्या पगारातून कापला जात होता. चाचणी घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञांचा वार ठरलेला असल्याने आपल्या सोयीचा दिवस निवडण्याची मुभा नव्हती.

तपासण्यांचा क्रम ठरलेला आहे आणि तो समजून घेतला तर चिडचिड कमी होते. आधी डोळे आणि कान तपासतात, कारण न दिसल्यामुळे किंवा न ऐकू आल्यामुळे वाचन अडत असेल तर ती अध्ययन अक्षमता नव्हे. मग बुद्ध्यांक काढतात. तेव्हाच्या सूचनांप्रमाणे तो 85 च्या वर असेल तरच पुढची वाचन, लेखन आणि गणिताची चाचणी होत असे. आमची फाइल इथेच बराच काळ अडकली. सूचनांत बंगळूरच्या निम्हान्स संस्थेची जी चाचणी सांगितलेली होती, ती पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी बेतलेली आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ चाचणी मराठीत उपलब्ध आहे, पण तीही पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीची वाचनक्षमता कोणत्या मापाने मोजायची, याला सरळ उत्तर नव्हते. सहावी-सातवीच्या पातळीचा उतारा मी शेवटी वाचते हे खरे. प्रश्न तो किती वेळात आणि किती श्रमाने वाचते, हा आहे.

माझ्या सुदैवाने चाचणी घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञ अनुभवी होत्या. घरची भाषा तेलुगू आहे हे कळल्यावर त्यांनी तो मुद्दा बाजूला सारला नाही आणि त्यावर निष्कर्षही काढला नाही. भाषेचा अपुरा सराव हे कारण नाही ना, हे पाहणे निदानाचाच भाग असतो, असे त्यांनी नानांना समजावून सांगितले. त्यांनी मला एक मराठी उतारा वाचून दाखवला आणि त्यावर प्रश्न विचारले. मी सगळी उत्तरे दिली. मग तेवढ्याच अवघडपणाचा दुसरा उतारा माझ्यापुढे ठेवला आणि घड्याळ लावले. ऐकून समजण्यात आणि वाचून समजण्यात जी तफावत निघाली, तिचा दोष मराठीच्या सरावाला देता येत नव्हता, कारण मराठी दोन्ही वेळा तीच होती. नंतर त्यांनी ज्यांना काही अर्थच नाही असे शब्द वाचायला दिले. ओळखीचे शब्द मी आकारावरून उचलते, हे तिथे उघडे पडले. निरर्थक शब्दांपुढे माझे काही चालेना.

डिस्लेक्सिया अनेकदा घराण्यात उतरतो, म्हणून त्यांनी नानांना त्यांच्या शाळेबद्दलही विचारले. नानांनी चौथीत शाळा सोडली ती मागाच्या कामासाठी, असे आम्ही आजवर ऐकत आलो होतो. त्या खोलीत त्यांनी वेगळे कारण सांगितले.

यथावकाश मंडळाच्या सह्या झाल्या आणि प्रमाणपत्र मिळाले. वयाच्या अठराव्या वर्षानंतर दिलेले असल्यामुळे हे प्रमाणपत्र आयुष्यभर ग्राह्य आहे. त्याआधी काढले असेल तर तेव्हाच्या सूचनांप्रमाणे चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागत असे. माझ्या प्रमाणपत्रावर चाळीस टक्के लिहिलेले आहे. गंमत अशी की 2018 च्या सूचनांत अध्ययन अक्षमतेची टक्केवारी काढण्याचे सूत्रच नव्हते, पण नमुन्यात रकाना होता म्हणून आकडा भरावा लागत होता, आणि कायद्यातील बहुतेक दारे चाळीस टक्क्यांच्या किल्लीनेच उघडतात. पुढे पिवळ्या पट्ट्याचे दिव्यांग ओळखपत्र घरी आले तेव्हा अम्माने ते हातात घेऊन बराच वेळ पाहिले आणि ते सोयरिकीच्या वेळी निघायला नको, एवढेच म्हणाली. तिच्या काळजीला उत्तर नव्हते, आजही नाही.

कॉलेजमध्ये ‘समान संधी कक्ष’ अशी पाटी असलेली खोली आहे. तिचा कारभार एका सरांकडे होता आणि त्यांच्याकडे आणखी अनेक समित्या होत्या. त्यांनी मला परीक्षा विभागाच्या लिपिकांकडे पाठवले. लिपिक भले गृहस्थ होते; पण दिव्यांग विद्यार्थी म्हणजे अंध विद्यार्थी आणि सवलत म्हणजे लेखनिक, हे समीकरण त्यांच्या मनात पक्के होते. त्यांनी छापील नमुना पुढे सरकवला. लेखनिक विद्यार्थ्यापेक्षा एक पायरी कमी शिकलेला हवा, त्याचे ओळखपत्र हवे आणि ‘उमेदवारास लिहिण्यात शारीरिक मर्यादा आहे’ असे शासकीय डॉक्टरांचे पत्र हवे. हा नमुना त्यांनी मनाने तयार केलेला नव्हता. लेखी परीक्षांबाबत केंद्र शासनाने 29 ऑगस्ट 2018 रोजी काढलेल्या सूचनांत अंधत्व, दोन्ही हातांना बाधा करणारी अस्थिव्यंगता आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूचा पक्षाघात) सोडून इतरांकडून असे पत्र मागितलेले होते. माझ्या हातांना काहीही झालेले नाही, असे मी सांगितले. तर मग वाढीव वेळही मिळणार नाही, असे उत्तर आले. परीक्षा तोंडावर आली होती. मी लेखनिक घेतला.

गल्लीतली एक बारावी सायन्सची मुलगी तयार झाली. मुलगी हुशार आणि मनाने चांगली होती. परंतु परवानगी लेखनिकाची असल्यामुळे तिने फक्त लिहायचे, प्रश्न वाचून दाखवायचा नाही, असे पर्यवेक्षकांनी सुरुवातीलाच बजावले. म्हणजे जे मला जमत नव्हते ते मी करायचे आणि जे जमत होते ते तिने, अशी उलटी वाटणी झाली. त्यात अकौंट्सचा पेपर. अंतिम खात्यांचा आराखडा मी कागदावर डोळे मिटून आखते, पण तो तोंडाने सांगायचा म्हणजे, “डावीकडे ‘प्रति’ लिही, नाही, त्याच्या खालच्या ओळीत, रक्कम आतल्या रकान्यात, आता त्यातून वजा कर, बाकी बाहेर काढ.” तिने आयुष्यात ताळेबंद पाहिलेला नव्हता आणि पाहिलेली मुलगी मिळणे अवघड होते, कारण कॉमर्सची मुलगी म्हटली की उत्तर सांगेल ही शंका. वाढीव वेळ सांगण्यात आणि खोडण्यातच गेला. दुसऱ्याला सांगून लिहवून घेणे ही स्वतंत्र कला आहे. अंध विद्यार्थी ती वर्षानुवर्षांच्या सरावाने कमावतात. मला ती एका दिवसात अंगी बाणवायला सांगितली होती.

निकाल जेमतेम लागला. त्यानंतर मॅडमनी आणि अक्काने बसून 2018 च्या त्या सूचना ओळीओळीने वाचल्या, आणि आम्हाला हवे ते सगळे त्यांतच होते. सुविधा ‘लेखनिक, वाचक किंवा प्रयोगशाळा सहायक’ यांची होती. एकट्या लेखनिकाची नव्हती. भरपाईचा वेळ तासाला किमान वीस मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अक्षमता असलेल्या उमेदवाराने लेखनिक घेतला नाही तरी तीन तासांच्या पेपरला किमान एक तास वाढवून देता येत होता. लेखनिक नाही तर वेळ नाही, हा समज कागदावर कुठेच नव्हता. शिवाय परीक्षेच्या दोन दिवस आधी मदतनीसाला भेटण्याची सोयही सांगितलेली होती.

मॅडमनी दोन न्यायनिर्णयही शोधून काढले. फेब्रुवारी 2021 मध्ये, लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या, म्हणजे रायटर्स क्रॅम्प असलेल्या, एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की वाजवी सोय ही ज्या त्या व्यक्तीच्या गरजेप्रमाणे ठरवायची असते आणि चाळीस टक्क्यांची अट लावून लेखनिक नाकारता येत नाही. ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत केंद्रावर वाढीव तास नाकारल्या गेलेल्या, डिसग्राफिया म्हणजे लेखनाशी संबंधित अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीच्या बाजूने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने निर्णय दिला. फेरपरीक्षा मात्र तिला मिळाली नाही. हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे. हक्क परीक्षेच्या दिवशी केंद्रावर बजावला गेला नाही, तर नंतर मिळालेल्या न्यायाने तो पेपर परत येत नाही.

अर्ज आम्ही नव्याने लिहिला. ‘सवलत मिळावी’ असे मोघम न लिहिता तीन वाक्यांत मागणी मांडली: प्रश्नपत्रिका वाचून दाखवण्यासाठी वाचक हवा, उत्तरे मी स्वतः लिहीन, वाचनाचा आवाज इतरांना होऊ नये म्हणून स्वतंत्र खोली आणि नियमाप्रमाणे भरपाईचा वेळ हवा. चाचणीच्या अहवालातला ऐकून समजणे आणि वाचून समजणे यांतील तफावतीचा परिच्छेद सोबत जोडला. लिपिकांनी अर्ज वाचला, वाचक अंधांना देतात असे म्हणाले, आणि मग स्वतःच उठून प्राचार्यांकडे गेले, कारण असा अर्ज फेटाळायचा कसा याचा नमुना त्यांच्याकडे नव्हता. प्राचार्यांच्या शिफारशीने अर्ज केगावला विद्यापीठात गेला आणि मंजुरीचे पत्र पेपर सुरू होण्याआधी आले.

वाचक म्हणून आलेली मुलगी अकरावी कला शाखेची होती. आम्ही दोन दिवस आधी भेटलो, आणि त्या भेटीचा जो उपयोग झाला तो मी अंदाजला नव्हता. पहिल्यांदा तिने तेरीज वाचली ती आधी सगळी नावे वरून खाली, मग सगळ्या रकमा वरून खाली, जशी कोणीही वाचेल. त्याचा मला काहीच उपयोग नव्हता. मग आम्ही पद्धत ठरवली: आधी खात्याचे नाव, मग बाजू, मग रक्कम, आणि रक्कम एकदा पूर्ण व एकदा अंक सुटे करून. “विविध धनको, जमा, अठ्ठेचाळीस हजार सहाशे पन्नास; चार, आठ, सहा, पाच, शून्य.” मी तेवढे लिहून घ्यायचे, मान हलवायची, मग पुढची ओळ. शब्दावर जोर द्यायचा नाही, अर्थ सांगायचा नाही, मी म्हणेन तेव्हा तीच ओळ पुन्हा वाचायची. परीक्षेत पर्यवेक्षिका पहिली वीस मिनिटे आमच्या अगदी जवळ उभ्या होत्या. वाचणारी मुलगी अंकांपलीकडे काही बोलत नाही हे पाहून त्या खुर्चीवर जाऊन बसल्या. त्या दिवशी ताळेबंद पहिल्या खेपेला जुळला आणि मला पुन्हा तपासायलाही वेळ उरला.

वाढीव तासाची अडचण वेगळी आहे आणि ती सुटलेली नाही. सकाळचा पेपर संपला की कॉलेज रिकामे होत नाही, दुपारच्या सत्राची मुले यायला लागतात. माझा तास सुरू झाला की बाहेर बाकांचे नंबर लावण्याची धावपळ, शिपाईमामा दार उघडून “अजून चालूय का?” विचारून जातात, आणि पर्यवेक्षिकेला दुसऱ्या खोलीवर हजर व्हायचे असते. कोणी थेट उठ म्हणाले नाही. पण आपल्यामुळे चार माणसे खोळंबली आहेत, या जाणिवेने हात भरभर चालायला लागतो आणि जो तास शांतपणे वाचण्यासाठी दिला, तोच घाईत जातो. एप्रिलमधल्या सोलापुरात पत्र्याखालच्या खोलीत दुपारी एक वाजता चौथा तास बसून काढणे काय असते, हे नियम करणाऱ्यांनी एकदा अनुभवावे.

परीक्षेच्या बाहेरच्या वर्षभराबद्दल तर या सूचना जवळजवळ काही बोलत नाहीत. माझा अभ्यास ऐकून होतो. मोबाइल आता मराठी वाचून दाखवतो, म्हणून मी सगळ्या प्राध्यापकांकडून नोट्सच्या फाइली मागून घेतल्या. फोनने त्या वाचायला सुरुवात केली आणि कानावर निव्वळ बडबड आली. कारण शोधता कळले की नोट्स कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या होत्या. पडद्यावर ‘भांडवल’ दिसते, पण संगणकाच्या लेखी तिथे रोमन अक्षरांचा कचरा असतो. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूरच फोन नीट वाचतो. उरलेल्या नोट्स झेरॉक्सच्या झेरॉक्स होत्या. त्यांचे फोटो काढून मजकूर ओळखून घ्यावा तर जोडाक्षरांची दैना होई. अकौंट्सच्या मॅडमनी आपल्या नोट्स युनिकोडमध्ये करून घेतल्या, त्याचा फायदा घेणारी मी एकटी नव्हते. बसमध्ये ये-जा करणारी अक्कलकोट, मोहोळची मुलेही आता त्या कानात घालून येतात. वर्गात व्याख्यान रेकॉर्ड करण्याची परवानगी काही सरांनी दिली, काहींनी नाकारली, आणि नाकारण्याचे कारण विचारण्याची माझी तयारी नव्हती. हे लेखनही मी फोनला बोलून केले आहे. ऱ्हस्व-दीर्घ अक्काने पाहिले.

वर्गातल्या मुलींची कुरबुर होती, नाही कशाला म्हणू. आम्हालाही एक तास द्या, आमचेही पेपर सुटतील, असे एकीने सर्वांसमक्ष म्हटले. मी तिला आमच्या सरावाच्या खोलीत बसवून वाचक मुलीकडून तेरीज वाचून घ्यायला सांगितले. पाच मिनिटांत ती कंटाळली, म्हणाली, “दे इकडे, मीच वाचते, लवकर होईल.” एवढ्यावर तो वाद मिटला. काही जणींचा अजूनही मिटलेला नाही आणि प्रत्येकीला पटवत बसणे हे माझे काम आहे, असे मला वाटत नाही.

मंजुरी सत्रापुरती असते. प्रमाणपत्र आयुष्यभराचे, पण अर्ज दर सत्राला नवा, शिफारस नवी, वाचक मुलीची कागदपत्रे नवी. आधीच्या सत्राच्या मंजुरीची प्रत मी प्रत्येक अर्जाला जोडते, कारण ‘मागच्या वेळी दिले होते’ या वाक्याचे कार्यालयात कायद्याच्या कलमापेक्षा अधिक वजन पडते, असा माझा अनुभव आहे. मधल्या काळात लिपिक बदलले आणि नव्यांनी पुन्हा लेखनिकाचाच नमुना पुढे केला, तेव्हा ती प्रतच कामी आली.

आता मी एम.कॉम.ला आहे आणि बँकेच्या परीक्षांची तयारी करते आहे. या वर्षी कॉलेजमध्ये पहिल्या वर्षाच्या एका मुलाला प्रमाणपत्र मिळाले असून त्याचा पहिला अर्ज जायचा आहे. सोपे पडेल म्हणून नव्या लिपिकांनी त्याला माझा अर्ज नकलून आणायला सांगितला. त्याने तो मला दाखवला. त्याला डिसग्राफिया आहे; तो माझ्यापेक्षा कितीतरी वेगाने वाचतो, पण पानभर लिहिले की त्याचे अक्षर त्यालाच लागत नाही. त्याला वाचक नको, लेखनिकच हवा, किंवा संगणकावर टंकून उत्तरे द्यायची परवानगी हवी. आम्ही माझ्या अर्जातली पहिली दोन वाक्ये खोडली आणि त्याच्या अहवालातला लेखनाचा परिच्छेद शोधायला बसलो.